लीथच्या नऊ मजल्यांचा हिशेब

मामा एकतीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत होते. गळ्यात तुळशीची माळ आणि नोकरी दारू गाळण्याची. गावात कुणी यावरून डिवचलं की म्हणायचे, "सोनार काय सोनं खातो का?" निवृत्तीनंतर ते माझ्याकडे एडिनबरोला आले. किल्ला त्यांनी दोन तासांत उरकला, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता विचारलं, "इथं जवळपास डिस्टिलरी कुठं आहे रे?"

जवळपास म्हणजे ट्रामच्या अंतरावर. २०२३ च्या जूनमध्ये शहरातली ट्राम लीथ बंदरापर्यंत आणि पुढे न्यूहेवनपर्यंत गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओशन टर्मिनलच्या थांब्यापाशी, राणीच्या जुन्या 'ब्रिटानिया' जहाजाच्या शेजारी, 'पोर्ट ऑफ लीथ' डिस्टिलरी उघडली. नऊ मजले, सुमारे ४० मीटर उंची. ट्राममधून उतरल्यावर मामांनी मान वर केली, टोपी सावरली आणि म्हणाले, "ही डिस्टिलरी? मला वाटलं एखादी सरकारी कचेरी."

त्यांचा धक्का मला समजत होता. त्यांच्या डोळ्यांसमोरची आसवनी आडवी पसरलेली असते. मळीच्या टाक्या, उंच स्तंभ, बाजूला स्पेंटवॉशचं, म्हणजे गाळून उरलेल्या सांडपाण्याचं तळं, आणि मैलभर आधीपासून येणारा वास. इथे सगळं एका डब्यात उभं केलेलं. मग त्यांनी विचारलेला पहिला प्रश्नच या प्रकरणाचा गाभा ठरला. "एवढी महाग जागा घेऊन इथं गाळायचं, तर लिटरला पडतं किती?"

उभी का बांधली

खरं तर व्हिस्की गाळायला शहर लागतच नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडे स्पे नदीच्या खोऱ्यात पाणी, जागा, गोदामं सगळं आहे. एडिनबरोतच गॉर्गी भागात १८८५ साली स्थापन झालेली 'नॉर्थ ब्रिटिश' ही धान्य व्हिस्कीची अवाढव्य डिस्टिलरी आजही चालते. पण तिथे कुणी सहल म्हणून जात नाही. तो कारखाना आहे, मामांना ओळखीचा वाटला असता असा.

पोर्ट ऑफ लीथ उभारली ती इयन स्टर्लिंग आणि पॅडी फ्लेचर या दोन बालमित्रांनी. त्यांना मिळालेली जागा बंदराच्या कडेची, लहान. आडवं पसरायला वाव नव्हता म्हणून वर गेले. दळण वरच्या अंगाला, त्याखाली मॅश, म्हणजे दळलेला दाणा गरम पाण्यात कालवणं, त्याखाली आंबवण, मग भट्ट्या. माल एका पायरीवरून पुढच्या पायरीवर आपल्या वजनानेच खाली येतो. ही कल्पना नवी नाही. व्हिक्टोरियन काळातल्या बिअरच्या कारखान्यांचे मनोरे याच तत्त्वावर बांधलेले असत.

गुरुत्वाकर्षणाने काम होतं, हे वाक्य फेरीत कानावर पडलं तेव्हा मामांनी माझ्या कोपराला ढोसलं. "अरे, गुरुत्वाकर्षण फुकट नसतं. दाणा आधी वर चढवायचा, पाणी वर चढवायचं, मग खाली सोडायचं. विजेचं बिल तेवढंच." मला ते पटलं. उभ्या रचनेत पंपांची ये-जा कमी होत असेल, पण तो काही नऊ मजले बांधण्याचा खरा हिशेब नव्हे. इमारतीवर एक कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला. तो विजेच्या बचतीतून काढायचा म्हटला तर मामांच्या नातवंडांच्या हयातीतही वसूल झाला नसता.

वास

दळणाच्या मजल्यावर मामा एकदम घरच्यासारखे झाले. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे मॉल्ट, इथे भरड दळतात. पारंपरिक माप असं की शंभरात साधारण २० भाग टरफल, ७० भाग रवा आणि १० भाग पीठ. टरफल जास्त राहिलं तर साखर नीट उतरत नाही, पीठ जास्त झालं तर मॅशच्या टाकीची जाळी तुंबते. मामांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं. "आमच्याकडं असलं काही नव्हतंच. आमची साखर आयती, मळीतच."

हाच पहिला मोठा फरक. दाण्यात साखर नसते, पिष्ट असतं. मोड आणताना दाण्यात जी विकरं तयार होतात ती ६३-६४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पिष्टाची साखर करतात. गोड रस खाली उतरतो, उरलेला चोथा गुरांच्या खाद्यात जातो. मळीवाल्यांना ही पायरीच माहीत नसते, आणि म्हणूनच मळीचा अल्कोहोल स्वस्त पडतो. आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा बाटल्यांत मळीपासून काढलेला अल्कोहोल असतो. ब्रिटन आणि युरोपच्या कायद्यात तिला व्हिस्की म्हणताच येत नाही. तिथे मूळ पदार्थ धान्यच लागतो. मामांना हे माहीत होतं. अपमान वगैरे काही वाटला नाही. "मळी पोटाला लागते, जव नाकाला," एवढंच म्हणाले.

आंबवण्याच्या टाक्यांपाशी ते जास्त वेळ रेंगाळले. झाकण उघडलं की आधी कार्बन डायऑक्साइडचा झणका येतो, त्यात नाक घालायचं नाही, हे त्यांनीच मला खुणेनं सांगितलं. मग पिकलेल्या केळ्याचा, हिरव्या सफरचंदाचा, पावाच्या पिठाचा वास. केळ्याचा वास यीस्टच्या पोटातून येतो. आंबवण ४८ तासांत आटोपली तर दाण्याची चव पुढे राहते, ती लांबवली तर फळांची वाढते. मोठे कारखाने वेळ वाचवतात, लहानांना वेळ घालवणं परवडतं, किंबहुना त्यांचा माल त्या घालवलेल्या वेळेमुळेच वेगळा होतो. एडिनबरोत हेरिअट-वॉट विद्यापीठ आहे, आसवनशास्त्राचं शिक्षण देणारं जगातलं एक मोठं ठिकाण. इथल्या लहान डिस्टिलऱ्यांत यीस्टबद्दल एवढी बोलणी चालतात त्याचं एक कारण तेही असावं.

आंबून तयार झालेल्या द्रवाला इथे 'वॉश' म्हणतात. हा शब्द ऐकल्यावर मामांचा चेहरा खुलला. "आमच्याकडंपण वॉशच!" पाच हजार मैलांवर आपलाच शब्द भेटल्याचा आनंद. तांब्याची पहिली भट्टी या आठेक टक्क्यांच्या वॉशचा २०-२५ टक्क्यांचा द्रव करते, दुसरी भट्टी त्याला सत्तरच्या आसपास नेते. दुसऱ्या भट्टीतून आधी येणारा उग्र भाग वेगळा काढायचा, मधला ठेवायचा, शेवटचा ओलसर पुठ्ठ्यासारखा वासाचा भाग पुन्हा भट्टीत परत घ्यायचा. मामांच्या स्तंभातून दिवसरात्र ९६ टक्क्यांचा, जवळजवळ बिनवासाचा स्पिरिट निघायचा, इथे मुद्दाम वास राखायचा. नमुना आला तेव्हा त्यांनी तो तळहातावर घेतला, दोन्ही हात चोळले आणि ओंजळ नाकाशी नेली. "स्वच्छ आहे," म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि गोडसर." एकतीस वर्षं त्यांनी असंच, तळहातावरच, काम केलं होतं. गाइड मुलगी कौतुकानं बघत होती.

स्पेंटवॉशचं काय करता, हेही त्यांनी विचारायला लावलं. मळीच्या आसवनीत एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, आणि त्यावरून गावागावांत भांडणं झालेली त्यांनी पाहिलेली. जवाच्या भट्टीतही उरलेला द्रव असतोच, पण तो मळीइतका काळाकुट्ट आणि क्षारांनी भरलेला नसतो. शहरात मॉल्ट गाळणं शक्य आहे, मळी गाळणं नाही. हा मुद्दा मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगला.

पिंपात अडकलेला पैसा

आता हिशेब. मामा तिकिटाच्या पाठीमागे पेन्सिलने करत होते, मी इथे नीट मांडतो.

एक टन मॉल्टमधून साधारण ४०० लिटर शुद्ध अल्कोहोल मिळतो. पिंपात भरताना त्याची तीव्रता बहुतेक ठिकाणी ६३.५ टक्क्यांवर आणतात, म्हणजे सुमारे ६३० लिटर द्रव. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या २०० लिटरच्या जुन्या पिंपांत तो तीन पिंपं भरून थोडा उरतो. स्कॉटलंडच्या थंड हवेत वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातो, त्याला इथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. कायदा म्हणतो की किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरहून मोठं नसलेल्या पिंपात मुरल्याशिवाय त्याला स्कॉच म्हणायचं नाही. तीन वर्षांनी ४६ टक्क्यांवर बाटलीत भरलं तर ७०० मिलिलिटरच्या साडेअकराशेच्या आसपास बाटल्या.

म्हणजे जव आज विकत घ्यायचे, पगार आज द्यायचे, आणि पहिली बाटली तीन वर्षांनी. तीही कायद्याने विकता येते म्हणून. तीन वर्षांची व्हिस्की बहुतेकदा कोवळी असते, आणि स्वतःच्या नावाची काळजी असणारा आणखी थांबतो. २०२३ च्या ऑक्टोबरात उघडलेल्या डिस्टिलरीची कायदेशीर मुदतसुद्धा २०२६ च्या ऑक्टोबराआधी भरत नाही.

इथे मी मामांना कुंकळ्ळीचं सांगितलं. गोव्यातल्या तिथल्या पॉल जॉन डिस्टिलरीत उष्णतेनं वर्षाला आठेक टक्के उडतात, पण व्हिस्की मुरतेही झपाट्यानं. आपल्या हवेत देवदूत महाग पडतात आणि सावकार स्वस्त. लीथमध्ये उलटं.

पिंपं या नऊ मजल्यांत मावणारही नाहीत. बंदरातल्या चौरस फुटाला मोजलेला पैसा लाकडाच्या रांगांवर घालवायला कुणी वेडा नाही. मुरवण्याची गोदामं शहराबाहेर असतात. मग शहरात ठेवलं काय? तर फक्त बघण्यासारखं जे आहे ते.

जिन

मग व्हिस्की मुरेपर्यंत पैसा यायचा कुठून? याचं उत्तर इमारतीपेक्षा पाच वर्षांनी जुनं आहे. त्या दोघांनी मनोरा उभारण्याआधी, २०१८ साली, 'लिंड अँड लाइम' नावाची जिन बाजारात आणली. ती याच बंदरात चालत जाण्याच्या अंतरावर, कोबर्ग स्ट्रीटवरच्या वेगळ्या जागेत गाळली जाते. जिनला मुरवावं लागत नाही. धान्याचा तयार उदासीन, म्हणजे जवळजवळ बिनवासाचा स्पिरिट विकत आणायचा, त्यात जुनिपरची फळं आणि बाकीचे जिन्नस भिजवायचे, भट्टी लावायची, मधला भाग घ्यायचा, पाणी घालून बाटलीत भरायचा. सकाळी चढवलेली भट्टी संध्याकाळी उतरते.

हे ऐकून मामा मोकळेपणी हसले. "म्हणजे आमचं ईएनए घ्यायचं, मसाला टाकायचा आणि परत उकळायचं? आणि त्याला हस्तकला म्हणायचं?"

ईएनए म्हणजे तसलाच बिनवासाचा स्पिरिट. मामांचं म्हणणं कडक होतं, पण खोटं नव्हतं. जिनमधली कारागिरी स्पिरिटात नसते, निवडीत असते. तिखटामिठाचं माप घरोघरी वेगळं असतं, तसंच हे. लिंड अँड लाइममध्ये जुनिपर, लिंबू आणि गुलाबी मिरी पुढे आहेत. जुनिपर म्हणजे आपल्या आयुर्वेदातली हपुषाच. नावातला लिंड म्हणजे एडिनबरोचा जेम्स लिंड. त्याने १७४७ साली 'सॅलिस्बरी' या युद्धनौकेवर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं खाणारी जोडी सर्वांत आधी उठून कामाला लागली. गंमत म्हणजे लिंडचं लिंबू पिवळं होतं, बाटलीतलं हिरवं आहे, आणि हिरव्यात क जीवनसत्त्व कमी. पण लीथपुरतं हिरवं बरोबर आहे. लॉकलन रोज या लीथकराने १८६७ मध्ये लिंबाचा रस दारूशिवाय, साखरेत टिकवण्याचं पेटंट घेतलं, आणि तो रस पुढे जिनमध्येच जाऊन बसला.

इतकी गोष्ट एका बाटलीत बसवता आली म्हणून ती विकली गेली, आणि व्हिस्कीच्या आधीची वर्षं तिनं काढून दिली. बाटलीमागे सरकार किती घेतं तेही बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला ३२.७९ पौंड शुल्क होतं. ४४ टक्क्यांच्या ७०० मिलिलिटरच्या जिनमध्ये ०.३०८ लिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजे १० पौंड १० पेन्स शुल्क. वर २० टक्के व्हॅट. हे शुल्क माल बाँडेड गोदामातून, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल ठेवायच्या गोदामातून, बाहेर पडताना भरायचं असतं. पिंपात पडून असलेल्या व्हिस्कीवर ते लागत नाही, तेवढी एक सवलत. "आमच्याकडं एक्साइजवाला आवारातच बसायचा," मामा म्हणाले, "कुलूप त्याचं, किल्ली त्याची."

इतरांनी काय केलं

शहरात लहान भट्टी लावता येणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. १८०० लिटरपेक्षा लहान भट्टीला परवाना द्यायचा नाही, ही ब्रिटिश कर खात्याची जुनी भूमिका होती. लंडनच्या 'सिपस्मिथ'ने ३०० लिटरच्या भट्टीसाठी त्याविरुद्ध झगडून २००९ मध्ये परवाना मिळवला, आणि मग देशभर गल्लीबोळांत जिनच्या भट्ट्या लागल्या.

एडिनबरोत 'हॉलीरूड' डिस्टिलरीने २०१९ मध्ये जुन्या रेल्वेच्या इमारतीत जिन आणि व्हिस्की एकाच छपराखाली सुरू केली. १९२५ मध्ये ग्लेन सिएन्स बंद पडल्यानंतर शहराच्या मध्यात सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली निव्वळ मॉल्टची व्हिस्की गाळणारी ती पहिली. तिची पहिली व्हिस्की 'अरायव्हल' २०२३ मध्ये आली. मधली चार वर्षं जिन आणि पर्यटक. पण हा नुस्खा प्रत्येकाला लागू पडतोच असं नाही. बॅटरसीत २०११ मध्ये सुरू झालेली 'लंडन डिस्टिलरी कंपनी' जिनही विकत होती, व्हिस्कीही मुरवत होती, तरी देणी भागेनात म्हणून २०२० मध्ये प्रशासकाच्या हातात गेली.

आणि एडिनबरोतल्याच समरहॉलची 'पिकरिंग्ज' तर मामांना दाखवायलाच हवी होती. २०१३ मध्ये जुन्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात सुरू झालेली ही जिन त्या लोकांच्या सांगण्यानुसार एका चिठ्ठीवरच्या पाककृतीवरून बनते. चिठ्ठीवर तारीख १७ जुलै १९४७, आणि पत्ता माउंट मेरी, मुंबई. वेलदोडा, बडीशेप, धणे, लवंग. स्वातंत्र्याला महिना राहिलेला असताना वांद्र्याच्या टेकडीवर कुणीतरी हे लिहून ठेवत होतं. मामांनी जिन्नसांची यादी वाचली. "हा तर गरम मसाला."

वरचा मजला

फेरी संपली की वर बार. खिडक्यांतून फर्थ ऑफ फोर्थची खाडी दिसते, पलीकडे फाइफचा किनारा, खाली ब्रिटानिया. माझ्यासमोर जिन-टॉनिक आलं. मामांनी नुसतं टॉनिक मागवलं, त्यात लिंबाची फोड.

त्यांनी तिकिटाचा कागद उलटा केला. "लिटरचा हिशेब जमत नाही," म्हणाले. "कसाही लावला तरी जमत नाही. शेतात शेड टाकून गाळली असती तर निम्म्यात झालं असतं."

"मग मामा, माणशी लावून बघा."

त्यांनी बघितला. त्यांच्या तिकिटात दारूचा हिशेब शून्य होता. ते एक थेंब प्यायले नव्हते, तरी माझ्याइतकेच पैसे भरून बसले होते, आणि फेरीतून बाहेर पडताना दुकानातून गावच्या मित्रासाठी डिस्टिलरीच्या नावाचा मगही घेतला होता. व्हिस्की मुरत असते तोवर इथे खपतो तो हाच माल: बघणं, वास घेणं, खिडकी. जिन हातातला पैसा फिरवते, बार आणि फेरी इमारतीचं भाडं उचलतात, आणि दोघं मिळून पिंपांना वेळ विकत घेऊन देतात. म्हणूनच ही डिस्टिलरी ट्रामच्या थांब्यावर आहे आणि म्हणूनच ती उंच आहे. चाळीस मीटरवरून दिसणाऱ्या खाडीसाठी लोक वर चढतात. पठारावरच्या शेडवर कोण चढणार?

मला यात एक धोकाही दिसतो. माणशी हिशेब पर्यटकांच्या हंगामावर चालतो. ऑगस्टमध्ये महोत्सवाच्या वेळी शहर फुगतं, जानेवारीत लीथमध्ये वारा आणि स्थानिक लोक. पिंपांना हंगाम नसतो. थंडीत भट्टी चालू ठेवायची तर जिनच्या बाटल्या दूरदेशी विकल्या पाहिजेत. माझ्या मते या धंद्याची खरी परीक्षा पहिल्या व्हिस्कीच्या दिवशी नाही, त्याआधीच्या दोन-तीन जानेवारींत असते. मामांना मात्र हे फारसं पटलं नाही. कारखान्याचा गळीत हंगामही चार-पाच महिन्यांचाच असतो, आणि तरी तीस-तीस वर्षं कारखाने चालतात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काही बंदही पडतात. ते गप्प बसले.

तेवढ्यात मामीचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. फोन स्पीकरवर होता.

"काय बघितलंत आज?"

मामांनी बाहेर खाडीकडे बघितलं, मग माझ्या पेल्याकडे.

"गिरणी," ते म्हणाले. "नऊ मजली."